चोवीस दिवस काहीच केलं नाही

आईच्या फाईलला मी खाकी पुठ्ठा लावलाय आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका केलीय. चौदा वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहितेय, ती खोड आजारपणातही सुटली नाही. त्या अनुक्रमणिकेत १७ जानेवारी २०२३ ते १० फेब्रुवारी २०२३ एवढ्या दिवसांत कॅन्सरवरच्या औषधाची एकही पावती नाही. माझा दादा आजही फाईल उघडली की त्या पानावर थांबतो. "हे चोवीस दिवस कुणाच्या खात्यात टाकायचे सांग," म्हणतो. या चोवीस दिवसांबद्दलच लिहायचं आहे, बाकीचं त्याच्या मागंपुढं येईल.

आमचं माहेर निपाणीच्या शेजारी. आई बारा-तेराव्या वर्षापासून तंबाखूच्या वखारीत जायची. कुटणं, चाळणं, पाखडणं. संध्याकाळी परतली की पदर झटकायची आणि अंगणात पिवळसर खकाणा उडायचा, आम्ही पोरं शिंका देत पळायचो. १९८१ साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी हायवेवर बसले तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि वखारीतून सुटून भाकरी द्यायला गेली होती, हे ती अजून रंगवून सांगते. आईनं बिडी कधी ओढली नाही. मिश्री मात्र लावायची, आमच्याकडच्या सगळ्या बायका लावायच्या. बिडी ओढायचे ते वडील, आणि ते गेले हार्ट अटॅकनं.

खोकला सुरू झाला २०२२च्या गणपतीत. आधी पावसाचा म्हणून, मग आरतीच्या धुराचा म्हणून महिनाभर गेला. एक्सरेत उजव्या बाजूला डाग दिसला. डॉक्टर म्हणाले टीबी. थुंकी दोनदा तपासली, दोन्हीदा निगेटिव्ह. तरी गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी लघवी शेंदरी होते. आईला वाटलं रोगच धुऊन निघतोय, तिनं शेजारणींना कौतुकानं सांगितलं. साडेतीन महिन्यांत वजन बावन्न किलोवरून त्रेचाळीसवर आलं आणि जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायला लागली.

त्या डॉक्टरांना मी शिव्या देत नाही. आपल्याकडं टीबी एवढा आहे की एक्सरेवरचा कुठलाही डाग आधी त्याच खात्यात जमा होतो. पण दोन महिने औषध घेऊन माणूस खंगतच चाललं असेल तर सीटी करायला सांगायला काय हरकत होती, हा प्रश्न मी कधीच गिळलेला नाही. दादाला चोवीस दिवस टोचतात, मला हे साडेतीन महिने टोचतात. घरात या दोन आकड्यांवरून अजून भांडण होतं.

१२ जानेवारीला बेळगावात छातीतलं पाणी काढलं. सव्वा लिटर निघालं, रंग आमसुलाच्या साराचा. तो रंग बघून तिथला शिकाऊ डॉक्टर गप्प झाला आणि मला काय ते कळलं. मधे संक्रांत गेली. वॉर्डातल्या बायकांनी एकमेकींना तिळगूळ दिला, आईनंही घेतला. १७ तारखेला रिपोर्ट: पाण्यात कॅन्सरच्या पेशी, जात ॲडेनोकार्सिनोमा, फुप्फुसातला. छातीच्या पाण्यातच पेशी सापडल्या म्हणजे चौथी स्टेज, तिथं वेगळा हिशेब करायला जागा नाही.

कॅन्सरच्या डॉक्टर मॅडम घरी कन्नड बोलणाऱ्या, पण बेळगावचं मराठी पक्कं. दादानं पहिलंच विचारलं, किमो उद्यापासून का परवापासून. त्या म्हणाल्या, "गडबड करू नका बघा. आधी तपासणी पाठवू. रिपोर्ट येईपर्यंत मी काही सुरू करणार नाही."

"किती दिवस लागतील?"

"दहा, पंधरा."

दादानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ती तारीख ठरवली होती.

पाण्यातल्या पेशी गाळून मेणात बसवतात. छोटी वडीच होते ती, ब्लॉक म्हणतात. तिचे पातळ काप काढून तपासतात की पेशीच्या आत कुठली कळ अडकलीय. ईजीएफआर, एएलके, आरओएस१ अशी त्या कळांची नावं. कळ सापडली तर तिच्यावरच बसणारी गोळी असते. आपल्याकडच्या ॲडेनोकार्सिनोमाच्या पेशंटांत साधारण चौघांत एकाला ईजीएफआरचा बिघाड सापडतो, आणि आयुष्यात बिडी-सिगरेट न ओढलेल्यांत जास्त. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा वहिनी घरी जाऊन आईची मिश्रीची डबी परड्यात फेकून आली होती. मॅडम म्हणाल्या, मिश्रीचा घाव जास्त करून तोंडावर पडतो. यांच्या फुप्फुसाला नेमकं काय बाधलं, चूल, नवऱ्याची बिडी का आणखी काही, ते एका माणसाच्या बाबतीत बोट ठेवून सांगता येत नाही. वहिनीला ते पटलं नाही. डबी मात्र आईनं दुसऱ्या दिवशी शोधायला लावली.

मग सुरू झाली माणसं यायला. मामा म्हणाले, "वाघ अंगावर आलाय आणि तुम्ही परवाना काढत बसलाय व्हय?" चुलतभाऊ म्हणाला टाटाला न्या, बेळगावात काय कळतंय. एकानं कुठल्या डोंगरावरचा पाला आणला, तोही फुकट नव्हता. दादाच्या ओळखीचा एक औषधवाला तर सरळ म्हणाला, "ती ईजीएफआरची गोळी माझ्याकडं आहे. महिनाभर देऊन बघू. लागली तर लागली, नाही तर किमो आहेच." चौघांत एक म्हणजे काही वाईट डाव नाही, असं दादाला वाटायला लागलं. खरं सांगायचं तर एक रात्र मलाही वाटलं.

मॅडमपुढं विषय काढला तेव्हा त्या पहिल्यांदा कडक झाल्या. ही परीक्षा आधीच होऊन गेलीय, म्हणाल्या. २००९ साली आशियातल्या पेशंटांवरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. एका गटाला ही गोळी, दुसऱ्याला किमो. ज्यांच्यात बिघाड होता त्यांच्यात गोळीनं किमोपेक्षा जास्त काळ रोग धरून ठेवला. ज्यांच्यात नव्हता त्यांच्यात गोळीवाल्यांचा रोग किमोवाल्यांच्या कितीतरी आधी वाढला. तीच गोळी, तोच डोस. "म्हणजे न बघता दिली तर चौघांतल्या तिघांचं मी नुकसान करीन. आणि आधी भलतंच सुरू केलं, मग रिपोर्ट आला, तर मधेच गाडी बदलणं सोपं नसतं." आमचा औषधवाला ज्याला बघू म्हणत होता ते चौदा वर्षांपूर्वीच बघून झालेलं होतं.

टाटाचं म्हणाल तर परळला जाऊन आलेले आमच्या गल्लीतच दोघं आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंतचे दिवस ते अजून सांगतात. आईची तब्येत रात्रभराच्या गाडीची नव्हती. न्यायचं नाही एवढं मी एकटीनं ठरवलं आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली.

२७ जानेवारीला लॅबचा फोन: नमुना अपुरा. वडीत तपासणीपुरत्या पेशीच नव्हत्या. दहा दिवस पाण्यात, आणि आता सुई टोचून फुप्फुसातलाच तुकडा काढायचा. त्या दिवशी दादा माझ्याशी नाही, मॅडमशी नाही, जिन्यातल्या वॉचमनशी भांडला.

३० तारखेला सीटीच्या मशीनवर आईला उताणी झोपवलं. काचेपलीकडून तंत्रज्ञ ओरडायचा, "उसिरु हिडकोर्री!" श्वास धरा. आई आतून म्हणाली, "असला तर धरते की." तो हसला, आणि सुई जागेवर बसली.

या चोवीस दिवसांत काहीच केलं नाही हे दादाचं म्हणणं हिशेबाच्या वहीत खरं, वॉर्डात खरं नव्हतं. पाणी परत भरलं, छातीत नळी घातली. दुखणं आणि दम यांच्यासाठी वेगळ्या डॉक्टर रोज यायच्या. त्यांच्या खोलीच्या दारावर 'पॅलिएटिव्ह' लिहिलेलं दादानं मोबाईलवर शोधलं आणि पांढराफटक पडला. म्हणजे सोडून दिलं काय? त्या डॉक्टरांना हा प्रश्न रोजचा असणार. त्यांनी २०१०चा एक अमेरिकन अभ्यास सांगितला. फुप्फुसाच्या कॅन्सरचे नव्यानं निदान झालेले १५१ पेशंट. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासून ही काळजी दिली. त्यांच्यातला मधोमधचा पेशंट ११.६ महिने जगला, दुसऱ्यांतला ८.९. शेवटी शेवटी पहिल्या गटावर जोरकस किमोचा मारा कमी झाला तरी. मॉर्फिनचा अगदी छोटा डोस सुरू झाला आणि आई तीन आठवड्यांत पहिल्यांदा आडवी झोपली. तोवर ती पाटाला टेकून बसून रात्र काढायची.

आईला आम्ही 'छातीत पाणी झालंय' एवढंच सांगितलं होतं. मामांनी सगळ्यांकडून तसं वचनच घेतलं होतं. रिपोर्टच्या आदल्या दिवशी मॅडम राऊंडला आल्या तेव्हा आई माझ्याकडं न बघता त्यांना थेट म्हणाली, "एष्ट दिन री?" किती दिवस? मी खुळ्यासारखी मधे पडले, पाण्याचं काहीतरी बोलले. आई म्हणाली, "गप बस. पहिल्या दिवशीच त्या नर्स पोरी बोलल्या नव्हं का, श्वासकोशद क्यान्सर म्हणून. तुमचं मराठीत लपवायचं चाललंय, मी पस्तीस वर्षं वखारीत कन्नड बायकांच्यात बसलेय." तेवीस दिवस आम्ही कोपऱ्यात कुजबुजत होतो आणि ती आमच्या समाधानासाठी पाण्याचं विचारत होती.

मॅडमनी खुर्ची ओढली. म्हणाल्या, आकडा सांगते, पण आधी तो वाचायचा कसा ते सांगते. अकरा पेशंट रांगेत उभे करा, कमी जगलेला आधी, जास्त जगलेला शेवटी. मधला, सहावा, जितके महिने जगला तो आकडा पुस्तकात छापतात. त्याच्या अलीकडं पाच जण असतात, पलीकडं पाच जण. पलीकडच्या पाचातला शेवटचा कुठवर जाईल ते त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. तुम्ही रांगेत कुठं उभ्या आहात ते मला आज माहीत नाही, उद्याच्या रिपोर्टनंतर थोडं कळेल. हे सगळं कन्नडमध्ये. आईनं बोटं मोजली आणि मला म्हणाली, "सहाव्याचं सांगत्यात, माझं न्हाई." मी बँकेच्या परीक्षेला मीडियन शिकले होते. कळला मात्र त्या दिवशी.

१० फेब्रुवारी, शुक्रवार. ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलीशन. बिघाड सापडला होता.

पुढं तीन रस्ते होते. पहिला ऑसिमर्टिनिब, नवी गोळी. तिचा महिन्याचा खर्च ऐकून दादा पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेला. दुसरा जेफिटिनिब, जुनी गोळी. देशी कंपन्या बनवतात म्हणून काही हजारांत महिना भागतो. तिसरा, जेफिटिनिब आणि सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची किमो. मॅडम म्हणाल्या, तुम्ही टाटा टाटा करत होता ना, हा तिसरा रस्ता टाटानंच आखलाय. ३५० पेशंट, निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना दोन्ही. नुसत्या गोळीनं रोग मधल्या पेशंटमध्ये ८ महिने थांबला, दोन्हींनी १६. नुसत्या गोळीवाल्यांतला मधला पेशंट १७ महिने जगला. जोडीच्या गटात निकाल छापेपर्यंत मधला आकडा काढताच आला नव्हता, कारण निम्म्याहून जास्त माणसं जिवंतच होती. २०२०मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याची किंमतही त्यांनी लपवली नाही: जोडीच्या गटात जवळजवळ निम्म्यांना तीव्र त्रास झाला, नुसत्या गोळीवाल्यांत चौथ्या हिश्शाला. आईचं वजन बघता त्यांनी महिनाभर नुसती गोळी देऊन मग किमो जोडायचं ठरवलं.

गोळी सुरू झाल्यावर नवव्या रात्री मी दचकून उठले. घर शांत होतं. पाच महिने खोकल्याच्या आवाजावर झोपायची सवय झालेली, तो थांबला तर जाग आली. उठून तिच्या नाकापुढं हात धरला. ती म्हणाली, "जित्ती हाय, झोप."

किमोचं फार सांगत नाही, सगळ्यांची सारखीच असते. दर एकवीस दिवसांनी. आठवडाभर आधीपासून फोलिक ॲसिडची गोळी रोज, नऊ आठवड्यांनी बी-१२चं इंजेक्शन, ते चुकवलं तर रक्तातल्या पेशी ढासळतात म्हणून मी कॅलेंडरवर लाल खुणा केल्या. केस फारसे गेले नाहीत. गोळीनं मात्र तोंडावर पुरळ उठला, जुलाब झाले, पायाच्या अंगठ्यांची नखं बाजूनं पिकली. "पंचविशीत आली न्हाईत ती पिंपलं साठीत आली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. पुरळ उठला की गोळी काम करतेय असं समजा, हे एका पेशंटच्या मुलीनं सांगितलं तेव्हापासून आई आरशात बघून खूश व्हायची.

कागदांचं सांगायला हवं. आईचं बीपीएल रेशनकार्ड आहे. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेसाठी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती काढायला दोन दिवस गेले, फॉर्म कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, अंगठा आईचा. किमो त्यात बसली, जनुकाच्या तपासण्या आम्ही खिशातून केल्या. आमच्या उपचारांच्या मधेच महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली, बातम्या तापल्या. मामांचा आग्रह, आपण महाराष्ट्राचंच घ्यायचं. चालू उपचार तोडून कोल्हापुरात नवी फाईल उघडायची माझी तयारी नव्हती. आईनं निकाल लावला तो वेगळ्याच कारणानं. जून २०२३पासून कर्नाटकात बायकांना एसटीचा प्रवास फुकट झाला आणि महाराष्ट्राच्या गाडीत अर्धं तिकीट होतं. "बेळगाव फुकटात, कोल्हापूर पैसे देऊन. मग?" सीमाप्रश्न आमच्या घरात असा सुटला.

दीड वर्ष चाललं. ऑगस्ट २०२४च्या सीटीत जुनी गाठ परत वाढलेली दिसली. या वेळी थांबा म्हणाल्यावर दादा काही बोलला नाही. रक्त पाठवलं, अकरा दिवसांनी उत्तर आलं: टी७९०एम, ईजीएफआरमधलाच नवा बिघाड. जेफिटिनिबसारख्या गोळीखाली दबलेला रोग निम्म्याहून थोड्या अधिक पेशंटांत याच वाटेनं बाहेर पडतो. आणि त्या वाटेवर उभी असते तीच महागडी ऑसिमर्टिनिब. त्याच वर्षीच्या जुलैच्या बजेटमध्ये तिच्यावरची कस्टम ड्युटी काढली होती, पुढं जीएसटीही बारावरून पाच टक्क्यांवर आला. तरी आमच्यासाठी आकडा डोंगराएवढाच. दादानं न सांगता बारा गुंठे विकले. आई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, भाव तरी बरा आला का?

मी मधे एकदा मॅडमना एकटीनं गाठून विचारलं, ते चोवीस दिवस आधी वाचले असते तर? त्या म्हणाल्या, त्या चोवीस दिवसांनी तुम्हाला औषध मिळालं. आधीच्या साडेतीन महिन्यांनी काय मिळालं ते मला विचारू नका. मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, त्या तुझ्याच बाजूनं बोलणार.

हे लिहितेय तेव्हा २०२५चा जून आहे. फाईलचा दुसरा भाग सुरू झालाय. आईचं वजन एकोणपन्नास. चुलीपुढं बसू देत नाही म्हणून ती वहिनीवर चिडते, आणि शेंगा फोडताना मधेच धाप लागली तर आम्ही बघत नाही ना ते आधी बघते. मिश्रीची डबी कुठं लपवते ते मला माहीत आहे.

मंगळवारी परत सीटी आहे. सकाळी सहाची निपाणी-बेळगाव गाडी. आधारकार्ड तिनं कालच पिशवीत टाकलंय. कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो ते ती दर वेळी जपून घडी करते आणि दवाखान्यात पोचल्यावर माझ्या हातात देते, बाकीच्या कागदांबरोबर लाव म्हणून. संकेश्वरपर्यंत डुलकी काढते. या खेपेला म्हणाली, दादाला बी संगं घे, पण खिडकी मला.